स्तेफानो फ्रान्शिनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तेफानो फ्रान्शिनी नेमके कोण?

१८४८ मध्ये आजचं स्वित्झर्लंड उभं राहिलं तेव्हा देशाचा कारभार सात जणांच्या फेडरल कौन्सिलकडे आला. त्या पहिल्या सातांमधले एकमेव इटालियनभाषक म्हणजे स्तेफानो फ्रान्शिनी (१७९६–१८५७). पेशानं शाळामास्तर, राजकारणात उदारमतवादी, आणि आकडेवारीचा ध्यास घेतलेले. दक्षिणेकडच्या तिचिनो कॅन्टनात (कॅन्टन म्हणजे स्वित्झर्लंडचं घटक राज्य) सक्तीचं प्राथमिक शिक्षण रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. स्विस सांख्यिकीचा पाया त्यांनी घातला आणि नव्या संघराज्याची पहिली जनगणना त्यांच्याच खात्यानं केली. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घड्याळं, बँका आणि बर्फ येतो. पण हाच देश गरीब होता, त्याच्या डोंगरांतली माणसं पोटासाठी परमुलखात जात होती, त्या काळात कोणी कशाचा आग्रह धरला हे समजून घ्यायचं असेल तर मी फ्रान्शिनींचंच नाव आधी सांगेन.

त्यांचं गाव कुठलं? लहानपण कसं गेलं?

गाव बोदियो. आल्प्समधल्या गोथार्ड घाटाच्या दक्षिण उतारावर लेव्हेन्तिना नावाचं खोरं आहे, त्याच्या तळाशी हे गाव. २३ ऑक्टोबर १७९६ रोजी तिथल्या एका गरीब शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला.

ते जन्मले तेव्हा लेव्हेन्तिनातली माणसं स्वतंत्र नागरिक नव्हती. हे खोरं घाटापलीकडच्या जर्मनभाषक उरी कॅन्टनच्या ताब्यात होतं. उरीचा अधिकारी यायचा, न्यायनिवाडा करायचा, कर घ्यायचा. १७५५ मध्ये खोऱ्यातल्या लोकांनी उठाव केला तेव्हा उरीच्या सैन्यानं फायदो गावात त्यांच्या पुढाऱ्यांची मुंडकी उडवली आणि जमलेल्या लोकांना उघड्या डोक्यानं, गुडघे टेकून ते पाहायला लावलं. फ्रान्शिनींच्या आजोबांच्या पिढीची ही आठवण. १७९८ मध्ये फ्रेंच फौजा आल्या आणि हा अंमल संपला. १८०३ मध्ये नेपोलियनच्या मध्यस्थीनं तिचिनो हे बरोबरीच्या दर्जाचं कॅन्टन झालं. म्हणजे रयत म्हणून जन्मलेला हा मुलगा सात वर्षांचा व्हायच्या आत नागरिक झाला होता.

नागरिकत्व मिळालं तरी पोटाचा प्रश्न होता तिथेच होता. उतारावर शेतजमीन थोडी, थंडी लांबलचक, आणि गरिबाची भाकरी म्हणजे चेस्टनट. वाळवायचे, दळायचे, त्याचीच पेज किंवा भाकरी. पुरुष हंगामी कामाला बाहेर पडायचे. कोणी गवंडी, कोणी गिलावा करणारा, कोणी काचा बसवणारा, कोणी इटलीच्या शहरांत चेस्टनट भाजून विकणारा. धुराड्यांत शिरून काजळी काढायला लहान मुलं लागत. मोठ्या माणसाचं अंग त्यात मावत नाही, म्हणून डोंगरातल्या गावांतून पोरं थेट मिलानपर्यंत नेली जात. फ्रान्शिनी पुढे आयुष्यभर शाळा, शाळा करत राहिले, त्यामागे ही पोरं होती असं मी मानतो.

ते पाद्री होणार होते, हे खरं का?

हो. गरीब घरातल्या हुशार मुलाला शिकायचं असेल तर तेव्हा तिथे चर्चची वाट हीच एक वाट होती. आधी पोल्लेजोच्या सेमिनरीत आणि १८१५ पासून मिलानच्या आर्चबिशपच्या सेमिनरीत ते शिकले. १८१९ मध्ये दीक्षा न घेताच त्यांनी सेमिनरी सोडली. मग मिलानमध्येच प्राथमिक शाळेत शिकवू लागले आणि उरलेल्या वेळात ग्रंथालयात बसून इतिहास, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र स्वतःच शिकले. विद्यापीठाची पायरी ते कधी चढले नाहीत.

मिलानमध्ये त्यांची कार्लो कात्तानेओंशी गाठ पडली. हे पुढे इटलीतले मोठे विचारवंत आणि संघराज्यवादी म्हणून नावारूपाला आले. दोघेही तेव्हा विशीतले. १८२१ मध्ये दोघे मिळून झुरिचला जाऊन आले. उत्तरेकडच्या स्विस शहरांतल्या शाळा आणि तिथलं सार्वजनिक जीवन फ्रान्शिनींनी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. १८४८ चा मिलानचा उठाव फसल्यावर कात्तानेओ तिचिनोतल्या लुगानोजवळ येऊन राहिले आणि तिथल्या नव्या सरकारी लिसेत, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेत, तत्त्वज्ञान शिकवू लागले.

एका शाळामास्तराला देशाची आकडेवारी गोळा करावीशी का वाटली?

१८२४ मध्ये तब्येत बिघडल्यामुळे ते मिलान सोडून गावी परतले. तीनच वर्षांत, १८२७ साली, लुगानोच्या रुज्जा छापखान्यातून त्यांचं ‘स्तातिस्तिका देल्ला स्विझ्झेरा’ हे पुस्तक निघालं. अख्ख्या स्वित्झर्लंडची माहिती एका ठिकाणी मांडण्याचा हा प्रयत्न होता: लोकसंख्या, शेती, उद्योग, व्यापार, शाळा, कायदे, सरकारी जमाखर्च.

त्या वेळच्या परिस्थितीत हे काम किती अवघड होतं ते लक्षात घ्या. केंद्रीय सरकार असं काही नव्हतं. बावीस कॅन्टनांचा एक सैलसर संघ होता. प्रत्येकाचं चलन वेगळं, मापं वेगळी, जकातनाकी वेगळी. बऱ्याच ठिकाणी सरकारी जमाखर्च हीच गुप्त बाब होती. लोकांच्या पैशाचा हिशोब लोकांना द्यायचा असतो ही कल्पनाच सत्ताधाऱ्यांना मान्य नव्हती. अशा वेळी एका डोंगरी गावातला, नोकरीची शाश्वती नसलेला मास्तर पुस्तकं, अहवाल, वर्तमानपत्रं चाळून आकडे जमवतो आणि छापतो.

मिलानमध्ये असताना मेल्किओर्रे जोया आणि जान दोमेनिको रोमान्योसी या इटालियन विचारवंतांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. राज्य नीट चालवायचं तर आधी ते मोजावं लागतं, हा तिथला धडा. फ्रान्शिनींनी त्याला आणखी एक टोक दिलं. मोजलेलं सगळं लोकांसमोर ठेवायचं. कुठल्या कॅन्टनात किती मुलं शाळेत जातात हे शेजारच्या कॅन्टनातल्या वाचकाला कळलं की तो आपल्या सरकारला जाब विचारणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते त्यांचं सगळं राजकारण या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

त्यांच्या लुगानोच्या शाळेचा हिंदुस्थानशी संबंध होता म्हणतात. तो कसा?

संबंध पद्धतीचा आहे, आणि तो खरा आहे. १८२६ च्या सुमारास लुगानोत फ्रान्शिनींनी परस्पर शिक्षणाची शाळा चालवली. एक मास्तर, भरपूर मुलं. पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवायचं. खर्च कमी, त्यामुळे गरिबांच्या मुलांना परवडणारी. ही पद्धत युरोपात पसरली ती अँड्र्यू बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्यामुळे. बेल हे अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचे प्रमुख होते. तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना आणि एकमेकांना शिकवताना त्यांनी पाहिली आणि ती रीत आपल्या अनाथालयात आणली. म्हणून युरोपात तिला मद्रास पद्धत असंही म्हणत. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.

मिलानमध्ये १८१९ च्या सुमारास अशा शाळा सुरू झाल्या होत्या, पण त्या काढणारे लोक स्वातंत्र्यवादी होते, म्हणून तेव्हा मिलानवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या सरकारनं त्या थोड्याच काळात बंद पाडल्या. सरहद्दीपलीकडे बंदी आलेली गोष्ट फ्रान्शिनींनी अलीकडे चालू केली.

१८३० मध्ये तिचिनोत काय घडलं?

१८१५ पासून तिचिनोवर मोजक्या पुढाऱ्यांची सत्ता होती. त्यातले सगळ्यांत वजनदार जोव्हान्नी बात्तिस्ता क्वाद्री. मंत्रीच विधिमंडळाचे सभासद, कारभार बंद दाराआड, वशिलेबाजी उघड. १८२९ मध्ये फ्रान्शिनींनी तिचिनोच्या राज्यघटनेत काय सुधारणा हव्यात यावर एक पुस्तिका लिहिली. ती झुरिचला छापली गेली आणि तिच्यावर लेखकाचं नाव नव्हतं. नाव घालणं धोक्याचंच होतं. १८३० च्या आरंभी मित्रांबरोबर त्यांनी ‘लोस्सेर्वातोरे देल चेरेझिओ’ हे वर्तमानपत्र सुरू केलं. चेरेझिओ म्हणजे लुगानोचं सरोवर. सरकारनं पत्राच्या मागे चौकशांचा ससेमिरा लावला, आणि त्यामुळे ते आणखी वाचलं जाऊ लागलं.

जूनमध्ये विधिमंडळाला नवी घटना मंजूर करावी लागली आणि ४ जुलै १८३० रोजी नागरिकांच्या सभांनी तिला मान्यता दिली. सत्तेची विभागणी, वृत्तपत्रस्वातंत्र्य, जाहीर बैठका, थेट निवडणुका. पॅरिसची प्रसिद्ध जुलै क्रांती झाली ती याच महिन्याच्या शेवटी. स्वित्झर्लंडमध्ये त्यानंतर कॅन्टनामागून कॅन्टनात उदारमतवादी सुधारणा झाल्या, पण तिचिनोनं पॅरिसची वाट पाहिली नव्हती. त्यातलं बरंच श्रेय चौतीस वर्षांच्या आतल्या या मास्तराला जातं. लुगानोचे लुव्हिनी यांच्यासारखे पुढारी सभा गाजवत होते, पण घटनेत काय असावं हे कागदावर नीट उतरवणारा माणूस फ्रान्शिनी होता.

नवं सरकार आल्यावर ते कॅन्टनचे मुख्य सचिव झाले. १८३७ ते १८४५ मंत्री, मग पुन्हा सचिव, १८४७ मध्ये पुन्हा मंत्री. मध्यंतरी कॅन्टनचे प्रतिनिधी म्हणून संघाच्या सभेतही गेले. त्या काळी तिचिनोची राजधानी एका जागी नसे. दर सहा वर्षांनी बेल्लिन्झोना, लोकार्नो आणि लुगानो यांच्यात ती फिरायची, आणि सरकार मुक्काम हलवी तेव्हा सगळं दप्तर त्याच्याबरोबर निघायचं.

कायदा झाला, पण शाळा खरंच सुरू झाल्या का?

सगळीकडे नाही, आणि लगेच तर नाहीच.

१८३१ च्या कायद्यानं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. तसा त्याआधीही, १८०४ मध्ये, प्रत्येक गावात शाळा असावी असा कायदा झालेला होता, आणि तो कागदावरच राहिला होता. त्यामुळे या वेळी काय करायला हवं हे फ्रान्शिनींना माहीत होतं. १८२८ मध्येच त्यांनी तिचिनोतल्या शिक्षणाच्या स्थितीवर एक पुस्तिका लिहून सगळी दुखणी मांडली होती. अडचणी म्हणजे: गावपंचायतींना पगाराचा खर्च नको. शिकवायला माणूस नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी गावचा पाद्रीच फावल्या वेळात शिकवणार. आई-बापांना गुरं राखायला आणि कामाला पोरं हवीत, म्हणून शाळा भरणार फक्त हिवाळ्यात.

यावर त्यांनी जे केलं ते दिसायला किरकोळ, पण नेमकं. शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. पहिला १८३७ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात बेल्लिन्झोनाला लोकशिक्षणाच्या मित्रांची संस्था स्थापन झाली. ती देमोपेदेउतिका या नावानं आजही चालू आहे. चित्रकलेच्या शाळांवरही भर होता, आणि मला हे फार शहाणपणाचं वाटतं. गवंडीकामाला बाहेर जाणाऱ्या मुलाला नकाशा वाचता आला, नक्षी काढता आली, तर तोच मुलगा मजूर न राहता कारागीर होतो आणि चार पैसे जास्त कमावतो. स्थलांतर थांबवणं सरकारच्या हातात नव्हतं. निघालेल्या माणसाच्या हाताला हुन्नर देणं मात्र होतं.

तिचिनोत त्यांना लोकशिक्षणाचे जनक म्हणतात ते या सगळ्यासाठी. १८३७ ते १८४० या काळात ‘ला स्विझ्झेरा इतालियाना’ हा तिचिनोवरचा त्यांचा मोठा ग्रंथही भागाभागांनी निघत होता. मंत्रिपद सांभाळून.

ते समाजवादी होते का?

नाही. खासगी मालमत्ता, व्यापाराचं स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता यावर त्यांची श्रद्धा होती, आणि ते ज्या प्रवाहातले होते त्यातूनच पुढे आजचा उदारमतवादी पक्ष आला. पण गरिबाला त्याच्या नशिबावर सोडून देणं म्हणजे स्वातंत्र्य, असं त्यांनी कधी मानलं नाही. शाळा, बचत बँक, रस्ते, आरोग्य, शेतीची माहिती ही सरकारची आणि सार्वजनिक संस्थांची कामं आहेत असं ते म्हणत. तिचिनोत १८३३ मध्ये बचत बँक सुरू झाली, त्या खटपटीतही ते होते. आजच्या चर्चेत उदारमतवाद म्हणजे फक्त बाजारपेठ असं जे समीकरण मांडलं जातं, ते त्यांच्यापुढे टिकत नाही.

राजधानी बर्नच्या केंद्रीय मंत्रिमंडळात ते कसे पोचले?

नोव्हेंबर १८४७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये यादवी युद्ध झालं. सात पुराणमतवादी कॅथलिक कॅन्टनांनी वेगळी आघाडी केली होती, ती मोडण्यासाठी. युद्ध महिनाभरही चाललं नाही आणि मृतांचा आकडा शंभराच्या आसपास राहिला. तिचिनो बहुतांशी कॅथलिक, तरीही तो संघाच्या बाजूनं लढला. जुना मालक उरी समोरच्या बाजूला होता आणि त्यानं ऐरोलोपाशी तिचिनोच्या फौजेला पळवूनही लावलं. शेवटी जय संघाचा झाला, आणि १८४८ च्या सप्टेंबरात नवी घटना अमलात आली. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तिन्ही राष्ट्रीय भाषा ठरल्या.

त्याच वर्षी फ्रान्शिनींना एका नाजूक कामावर नेपल्सला पाठवलं होतं. तिथल्या बूर्बाँ राजाच्या नोकरीत स्विस पलटणी होत्या आणि १५ मे १८४८ रोजी नेपल्सचा लोकउठाव चिरडण्यात त्यांचा हात होता. स्वातंत्र्याच्या नावानं उभ्या राहणाऱ्या देशाची माणसं दुसऱ्याचं स्वातंत्र्य पैशासाठी चिरडतात, हा डाग होता. त्याची चौकशी त्यांच्याकडे होती.

१६ नोव्हेंबर १८४८ रोजी संसदेनं पहिले सात मंत्री निवडले: फुरर, ओक्सेनबाइन, द्रुए, मुन्झिंगर, फ्रान्शिनी, फ्राय-हेरोझे आणि नेफ. फ्रान्शिनींकडे गृहखातं आलं. ‘गृह’ म्हणजे इथे पोलीस नव्हे. शिक्षण, आरोग्य, वजनमापं, दप्तरखाना, आकडेवारी असं इतर कुणाकडे न गेलेलं सगळं त्यात होतं.

१८५० च्या जनगणनेचं एवढं महत्त्व का?

कारण तोवर स्वित्झर्लंडला आपण किती माणसं आहोत हे नीट माहीत नव्हतं. १८३० च्या दशकात एक मोजणी झाली होती, पण तेव्हाच्या संघात कॅन्टनानं किती सैनिक आणि किती पैसा द्यायचा हे लोकसंख्येवर ठरायचं. साहजिकच लोकसंख्या कमी दाखवण्याचा मोह कॅन्टनांना होई. नव्या घटनेनं गणित उलटं केलं. दर वीस हजार लोकांमागे नॅशनल कौन्सिलमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, एक जागा. आता माणसं लपवण्यात नुकसान होतं.

मार्च १८५० मध्ये, १८ ते २३ तारखांच्या दरम्यान, देशभर मोजणी झाली. आकडा निघाला २३,९२,७४०. तिचिनोत १,१७,७५९. नुसती डोकी मोजली नाहीत. वय, लिंग, धर्म, मूळ गाव, परदेशी किती, हेही विचारलं. तेव्हा फ्रान्शिनींच्या हाताखाली मोजकेच लोक होते. आज एखाद्या तालुक्याच्या कचेरीत त्याहून जास्त असतात. मोजणी प्रत्यक्ष करायची कॅन्टनांनी आणि गावांनी, ती तपासून, जुळवून, छापायची या खात्यानं.

जनगणना पार पडली, पण पुढचं काम रखडलं. शेती, उद्योग, शाळा, गरिबी यांविषयी फ्रान्शिनी कॅन्टनांना प्रश्नावल्या पाठवत राहिले आणि पुष्कळ कॅन्टनांनी उत्तरंच दिली नाहीत. कायम स्वरूपाचं सांख्यिकी कार्यालय हवं म्हणून त्यांनी मागणी केली, ती संसदेनं मानली नाही. खर्च नको, आणि बर्नला आपल्या कारभारात डोकावू द्यायचं नाही, ही दोन्ही कारणं. अखेर ते कार्यालय १८६० मध्ये निघालं, तेव्हा फ्रान्शिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती. संघराज्याच्या आरंभी, पैसा आणि माणसं नसताना, ज्यानं हे काम एकहाती ओढलं त्याला एवढीशी गोष्ट देता आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

झुरिचचं ईटीएच हे जगप्रसिद्ध तंत्रविद्यापीठ त्यांनीच काढलं का?

एकट्यानं नाही. तसं कुणी लिहिलं असेल तर ती अतिशयोक्ती आहे. नव्या घटनेनं केंद्राला विद्यापीठ आणि तंत्रशिक्षणसंस्था काढण्याचा अधिकार दिला होता. शिक्षण फ्रान्शिनींच्या खात्यात, त्यामुळे १८५१ पासूनची तयारी, समित्या, मसुदे त्यांच्याकडून झाले. त्यांचं स्वप्न राष्ट्रीय विद्यापीठाचं होतं: जर्मन, फ्रेंच आणि इटालियन बोलणारी मुलं एका छताखाली. पण फ्रेंचभाषक आणि कॅथलिक कॅन्टनांना भीती वाटली की ते जर्मन प्रोटेस्टंटांचं विद्यापीठ होईल, आणि ज्यांच्याकडे आधीच विद्यापीठ होतं त्यांना स्पर्धा नको होती. योजना बारगळली. फेब्रुवारी १८५४ मध्ये फक्त पॉलिटेक्निकचा, म्हणजे आजच्या ईटीएचचा, कायदा मंजूर झाला आणि ऑक्टोबर १८५५ मध्ये झुरिचला ते सुरू झालं. संसदेत ते पार पाडण्यात झुरिचचे पुढारी आल्फ्रेड एशर यांचा जोर निर्णायक होता. तिथे इटालियन साहित्यही शिकवलं जाऊ लागलं. १८५६ मध्ये त्या जागेवर फ्रान्चेस्को दे सांक्तिस आले, इटालियन साहित्याचे फार मोठे अभ्यासक.

घरच्याच मतदारांनी त्यांना पाडलं, हे कसं काय?

त्या काळी रीत अशी की मंत्र्यानं तीन वर्षांनी पुन्हा निवडून येण्याआधी स्वतःच्या कॅन्टनातून नॅशनल कौन्सिलची निवडणूक जिंकून दाखवायची. म्हणजे लोकांचा विश्वास शाबूत आहे हे सिद्ध व्हावं. १८५४ च्या शरद ऋतूत फ्रान्शिनी तिचिनोत हरले.

कारणं त्यांच्या हातातली नव्हती. १८५२ मध्ये तिचिनोच्या सरकारनं मठांच्या ताब्यातल्या माध्यमिक शाळा आपल्याकडे घेतल्या आणि लोम्बार्डीतल्या, म्हणजे मिलानच्या प्रांतातल्या, कॅपुचिन पंथाच्या साधूंना बाहेर काढलं. पाठोपाठ फेब्रुवारी १८५३ मध्ये मिलानला उठावाचा प्रयत्न झाला, आणि ऑस्ट्रियानं त्याचा राग तिचिनोवर काढला. लोम्बार्डीत कामधंदा करणाऱ्या सहा हजारांवर तिचिनोवासीयांना हुसकून लावलं, सरहद्द बंद केली. ज्या कॅन्टनाचं धान्य आणि रोजगार दोन्ही त्या बाजूला, त्याच्या नाड्याच आवळल्या गेल्या. नाकेबंदी १८५५ पर्यंत चालली. त्या दोन-तीन वर्षांत सुमारे दोन हजार माणसं सोन्याच्या आशेनं ऑस्ट्रेलियाला निघून गेली. बर्न आपल्यासाठी पुरेसं करत नाही असं लोकांना वाटलं, आणि बर्नमधला त्यांचा माणूस म्हणजे फ्रान्शिनी. पुराणमतवादी आणि नाराज जहाल यांनी हातमिळवणी केली, आणि निकाल लागला.

मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. देशाच्या पार उत्तर टोकाला, ऱ्हाइनपलीकडे, जर्मनभाषक आणि प्रोटेस्टंट शाफहाउझन कॅन्टन आहे. तिथे जागेचा निकाल पहिल्या फेरीत लागला नव्हता. तिथल्या मतदारांनी पुढच्या फेरीत फ्रान्शिनींना निवडून दिलं. ज्यांची भाषा त्यांना धड बोलताही येत नव्हती त्या लोकांनी! डिसेंबरात संसदेनं त्यांना पुन्हा मंत्री केलं. त्याच निवडणुकीत बर्नचे ओक्सेनबाइनही घरी हरले होते. त्यांना असा आधार मिळाला नाही आणि त्यांचं मंत्रिपद गेलं.

ते राष्ट्राध्यक्ष का झाले नाहीत?

अध्यक्षपद दर वर्षी मंत्र्यांमध्येच फिरतं, तरी फ्रान्शिनींकडे ते आलं नाही. त्यांना ऐकू कमी येत असे आणि ते वाढत गेलं. जर्मन-फ्रेंच वाचता येत होतं, पण बैठकीत त्या भाषांत झटपट बोलणं जमत नव्हतं. जाहीर सभा जिंकणारा त्यांचा स्वभावही नव्हता.

शेवटची वर्षं कशी गेली?

ओढगस्तीची. कुटुंब मोठं होतं आणि शिल्लक काही नव्हती. १८५७ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडून गावाकडे परतायचं ठरवलं होतं. हवी होती तिचिनोच्या सरकारी दप्तरखान्यातली नोकरी, म्हणजे कागदपत्रांतच बसून लिहिता आलं असतं. ते झालं नाही. १९ जुलै १८५७ रोजी बर्नमध्ये, पदावर असतानाच, ते वारले. वय साठ.

त्यांच्या मर्यादा कोणत्या?

१८३० च्या घटनेत मतदानासाठी मालमत्तेची अट राहिलीच. ज्या निर्धनांसाठी ते शाळा मागत होते, त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या घटनेनं मत दिलं नाही. स्त्रियांच्या मताचा तर विचारही तेव्हाच्या उदारमतवाद्यांनी केला नाही. तिचिनोतल्या स्त्रियांना कॅन्टनपुरतं मत मिळालं ते १९६९ मध्ये, देशपातळीवर १९७१ मध्ये. चर्चच्या हातून शाळा काढून घेताना खेड्यातल्या श्रद्धाळू माणसाला काय वाटेल याचा अंदाजही त्यांच्या गटाला पुरता आला नाही. स्वतः फ्रान्शिनी कडवे चर्चविरोधक नव्हते, पण गटाच्या धोरणाचा फटका त्यांनाही बसला.

त्यांच्यानंतर तिचिनोतून कोण मंत्री झालं?

लगेच जोव्हान बात्तिस्ता पिओदा, १८६४ पर्यंत. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं एकही इटालियनभाषक नाही, थेट १९११ मध्ये जुझेप्पे मोत्ता. २०१७ मध्ये निवडून आलेले इन्यात्सिओ कास्सिस हे तिचिनोचे आठवे, आणि ते फ्रान्शिनींच्याच राजकीय परंपरेतल्या पक्षाचे.

स्वित्झर्लंडला गेल्यावर त्यांच्या खुणा कुठे दिसतात?

मराठी पर्यटकांच्या सहली बहुधा लुसर्न-इंटरलाकेनवरून माघारी फिरतात. लुगानोला जाणारे थोडे, आणि तेही आता ५७ किलोमीटरच्या गोथार्ड बोगद्यातून जातात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड बोदियोलाच आहे, त्यामुळे गाडी गावाजवळून वेगात निघून जाते आणि वरचं लेव्हेन्तिना खोरं दिसतच नाही. ते पाहायचं असेल तर जुन्या डोंगरी मार्गानं जाणारी ‘त्रेनो गोत्तार्दो’ ही गाडी धरा आणि फायदोला उतरा. तिथे फ्रान्शिनींचं स्मारक आहे, ज्या गावात १७५५ मध्ये माणसांना गुडघे टेकायला लावलं होतं त्याच गावात. आस्कोनाजवळ मोन्ते व्हेरिताच्या टेकडीवर ईटीएचचं परिषद केंद्र १९८९ पासून त्यांच्या नावानं चालतं. आणि न्यूशातेलला स्विस सांख्यिकी कार्यालय आहे, ज्याच्यासाठी त्यांनी संसदेकडे मागणी केली होती. १८५० नंतर साधारण दहा-दहा वर्षांच्या अंतरानं होत आलेली जनगणना २०१० पासून तिथे दर वर्षी, नोंदवह्यांच्या आधारे होते.